ताई कुठं झोपते?

सुजाता, तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुझ्या धाकट्या दिरानं माझ्या हातात माईक दिला आणि "मॅडम, चार शब्द बोला" म्हणाला. मी उभी राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "सुजाता मॅडम अतिशय मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या." मनमिळाऊ! तू ऐकलं असतंस तर तिथल्या तिथं उठून बसली असतीस. नांदेड ते कंधार एका बाकावर बसून जन्मभर माझ्याशी भांडलेली बाई, आणि मी तिला मनमिळाऊ म्हणून आले. पुढं 'कर्तव्यदक्ष' असंही काहीतरी म्हणाले बहुतेक. वंदना झाली होती, मेणबत्त्या लागल्या होत्या, तुझ्या बहिणी पांढऱ्या साड्या नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या, आणि समोर तुझा फोटो. शाळेच्या ओळखपत्रावरचाच मोठा करून घेतलेला, ओठ मिटलेला. तो कुणी निवडला कोण जाणे. ओठ मिटलेली तू मी तरी कधी पाहिली नाही.

म्हणून हे लिहायला बसले. तू कुठं जन्मलीस, कुठं शिकलीस, नोकरीला कधी लागलीस, ते तुझ्या जावेनं कागदावरून वाचून दाखवलं. ते परत उगाळत नाही. मला आपलं अर्धं राहिलेलं भांडण पुरं करायचंय. आणि जयश्रीचं काय झालं ते तुला सांगायचंय, कारण ते तुला दुसरं कुणी सांगणार नाही.

आपल्या दोघींचं आयुष्य अपडाऊनमध्येच गेलं म्हण ना. सकाळची नांदेडची गाडी, लोह्याला थांबा, कंधारला उतरायचं, तिथून पुढं शाळेच्या गावापर्यंत काळीपिवळी. तू मराठी शिकवायचीस, मी गणित. तू खिडकीशी, मी कडेला, कारण मला उतरायची घाई आणि तुला बघायची हौस. मी हदगावकडच्या शेतीवाल्या घरातली, तू नांदेडच्या बौद्धवाड्यातली. पहिल्याच वर्षी माझ्या सासूनं विचारलं होतं, "डबा कुणासंग खातीस?" मी तुझं नाव सांगितलं. तिनं आडनाव विचारलं. मी तेही सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या डब्यात मोजून एकच भाकरी येऊ लागली, म्हणजे वाटायला उरू नये. मला लाज वाटून मी तुला ते सांगितलं, तर तू पोट धरधरून हसलीस. "म्हातारीला म्हणावं, भाकर तुझी तूच ठेव. तुझ्या हातच्या येसराचं पीठ तेवढं आमटीला पाठव." हा निरोप मी जशाच्या तसा घरी दिला. सासू दोन दिवस फुगून बसली आणि तिसऱ्या दिवशी तिनं येसराची पुडी बांधून दिली. ती शेवटपर्यंत बांधत राहिली. तुझी बातमी सांगितली तेव्हा म्हातारी भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "येसरवाली गेली गं माय." तुझं नाव तिनं कधीच घेतलं नाही, हे मात्र खरं.

तर तुझा तो वाचनाचा तास. नववीचा, आठवड्यातून एकदा, शेवटच्या तासाच्या आधीचा. मुख्याध्यापकांनी तो तुला दिला कारण त्या तासाला पोरं पेंगतात आणि कुणालाच तो नको होता. तू त्यात कादंबरी वाचायला घेतलीस. प्रती थोड्या, त्यातली एक अर्धी फाटकी, म्हणून आळीपाळीनं मोठ्यानं वाचायचं. गोष्ट साधीच. नदीकाठच्या गावातला भानू नावाचा पोरगा, घरात आई, बाप, मोठी बहीण. भानू शिकायला तालुक्याला जातो, चुकतो, मार खातो, शहाणा होतो, आणि शेवटच्या पानावर नदीच्या पुलावर उभा राहून मागं गावाकडं बघतो. संपली कादंबरी. मी म्हणाले, झालं, आता पुढचं पुस्तक काढ. तू म्हणालीस, "आता कुठं झालं? आता तर सुरुवात हाय."

तुझे ते उपक्रम! मी तुला चिडवायचे, की पोरांनी पुस्तक वाचलंय, गुन्हा नाही केला, त्यांची चौकशी कशाला लावतेस? पण तू ऐकशील तर ना. एकदा तू पोरांना म्हणालीस, भानूच्या घराचा नकाशा काढा. चूल कुठं, गोठा कुठं, दार कुठल्या दिशेला, आणि रात्री कोण कुठं झोपतं ते नाव घालून दाखवा. पुस्तक उघडून बघायची मुभा. मी पुढच्या तासाची खडूची डबी घेऊन दारात उभी होते. पोरांनी झकास नकाशे काढले. बाप ओसरीवर, भानू खिडकीखालच्या बाजेवर, आई चुलीजवळ. सगळ्यांचे कागद गोळा होत आले तेव्हा जयश्रीनं हात वर केला.

"मॅडम, ताई कुठं झोपती ते पुस्तकात न्हाई."

पोरं म्हणाली, असंल की कुठंतरी, नीट बघ. जयश्री म्हणाली, "म्या सगळं बघितलं. भानूची बाज चारदा आली. बैलाची जागा बी आली. ताईची न्हाई." तू पुस्तक हातात घेऊन चाळत राहिलीस. मी गणिताची बाई, मला तर ती पोरगी तेव्हाच आवडली, कारण आकृतीत एक बिंदू दिलेलाच नाही हे फक्त तिच्या लक्षात आलं होतं. बाकीच्यांनी आपल्या मनानं कुठंतरी टिंब देऊन टाकलं होतं. ती शेवटच्या बाकावरची, दोन वेण्यांची, हजेरीला इतक्या हळू 'हजर' म्हणायची की मी तिची गैरहजेरी लावून मोकळी व्हायचे.

पुढच्या आठवड्याच्या तासाला तू खुर्ची आणलीस, मी आपली दारात होतेच. ऑफिसातून काढून टाकलेली, एक हात मोडलेली. फळ्यापुढं मांडलीस आणि नियम सांगितलास. या खुर्चीत बसलं की तू तू नाहीस, गोष्टीतलं माणूस आहेस. बाकीचे वाट्टेल ते विचारतील. 'माहीत नाही' म्हणायचं नाही. पण 'सांगणार नाही' म्हटलेलं चालेल.

पोरांच्या उड्या पडल्या भानू व्हायला. एक झाला, दुसरा झाला. एकाला विचारलं, पुलावर उभा राहून काय विचार करत होतास, तर म्हणाला, "नोकरी लागंल का न्हाई, त्याचा." वर्ग हसला, तूही हसलीस. मग जयश्री उठली. खुर्चीत बसून म्हणाली, "मी ताई." पोरांना कळेना हिला काय विचारावं. सबंध पुस्तकात ताईच्या तोंडी दोन वाक्यं, तीसुद्धा 'जेवायला चल' असली. शेवटी तिच्या बाकावरची शबाना म्हणाली, "तू भानूला एवढ्या लांब डबा न्यायचीस, तुला कंटाळा येत न्हवता का?"

"येत होता."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"कुणाला?"

 मग शबानानंच विचारलं, "ताई, तुला शिकायचं होतं का?" जयश्री मोडक्या हाताच्या जागी हात टेकवायला गेली, तिथं काही नव्हतं, तिनं हात परत मांडीवर घेतला. म्हणाली, "सांगणार न्हाई." आणि घंटा झाली.

त्या दिवशी गाडीत मी तुझ्यावर घसरले. आठवतंय ना? मी म्हणाले, "तू पोरांना अर्धवट जागं करून सोडतेस. घंटा झाली की तुझं संपलं, त्यांचं कुठं संपतं?"

"मग काय झोपवून ठेवू?" तू म्हणालीस. "मंगल, माणसाला जन्मात एकदा तरी 'सांगणार न्हाई' म्हणता आलं पाहिजे. त्याच्यासाठी आधी कुणीतरी विचारावं लागतं. तिला कोण विचारून राहिलं?"

"आणि विचारून काय झालं? घरी जाऊन भांडीच घासली ना तिनं?"

"हाव. पण घासताना तिला माहीत असंल, की आपण घासून राहिलो."

"हे तर आणखी वाईट! न कळता घासली असती तर निदान रात्री झोप तरी लागली असती तिला."

तू नुसती माझ्याकडं बघत राहिलीस. तू बोलली नाहीस असं इतक्या वर्षांत फार क्वचित झालं, म्हणून माझ्या ध्यानात राहिलं. तुझं माझं हेच जुनं भांडण होतं, नावं तेवढी बदलायची. तुमच्या घरी 'का?' विचारायला शिकवलं, आमच्या घरी 'बरं' म्हणायला. तुझ्या वडिलांनी म्हणे लहानपणी तुम्हा भावंडांना ओळीनं बसवून विचारायचं, आज शाळेत काय प्रश्न विचारलात. उत्तर काय दिलंत ते नाही, प्रश्न काय विचारलात. मला तुझा कधी कधी हेवा वाटायचा, हे मी तुला कधी बोलले नाही. आता बोलते, फुकट.

मग जयश्रीच्या घरची खबर आली. तिचा थोरला भाऊ लातूरला, अकरावीत, डॉक्टर व्हायचं म्हणून क्लासला घातलेला. चुलत भाऊही त्याच्याबरोबर, दोघांना मिळून एक खोली. मेसचं खाऊन खाऊन पोरगा काविळीनं पडला. महिनाभर घरी आणून ठेवला, क्लास बुडाला. आता घरात ठरलं की दिवाळी झाली की जयश्रीनं लातूरला जायचं आणि दोघांचा स्वयंपाक करायचा. आपल्याकडं हे काही नवीन नाही. लातूरच्या त्या क्लासच्या गल्ल्यांमधून हिंडलं तर कितीतरी खोल्यांमधून एखादी आई, एखादी आजी, एखादी बहीण पोळ्या लाटताना दिसते. पोरं शिकतात ती त्या पोळ्यांवर. आई गेली असती, पण मग शेताकडं आणि म्हशींकडं कोण बघणार? म्हणून जयश्री.

सुट्ट्या लागायच्या दिवशी, परतीच्या गाडीत, तू मला म्हणालीस, "दिवाळी झाली की मी तिच्या घरी जाऊन येते. बापाशी बोलते. तू बी चल."

"मी येऊन काय करू, वर्गमूळ काढू?"

"तू नुसती बस. तुझ्या तोंडाकडं बघून ते भितील."

मी म्हणाले, काही उपयोग व्हायचा नाही, सुजाता. ती माणसं वाईट नाहीत, त्यांचा हिशोब वेगळा आहे. आणि तुझ्या त्या खुर्चीनं तिला आता हे जास्त टोचणार. तू बोलायला तोंड उघडलंस तेवढ्यात लोहा आलं, खिडकीशी सीताफळंवाली आली, तू घासाघीस करून पाटीभर सीताफळं घेतलीस. एक फोडून अर्धं माझ्या हातावर ठेवलंस. मी म्हटलं, "काय म्हणत होतीस?" तू बिया खिडकीतून थुंकत म्हणालीस, "राहू दे. सीताफळ खाताना भांडू नये. उरलेलं नंतर."

नंतर! सुट्टीत एका सकाळी तू अंगण झाडलंस, पाच मिनिटं पडते म्हणालीस आणि पडलीस ती पडलीसच. तुझ्या पोराचा फोन आला. "मावशी, आई गेली." मी विचारलं, "कुठं?" बघ, मी तेच विचारलं. गणिताची बाई, पण इतकं साधं माझ्या डोक्यात शिरलं नाही.

शाळा उघडली तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "वाचनाचा तो तास आता तुम्ही घ्या, गणिताला वापरा, रिझल्टचं बघायला पाहिजे." मी हो म्हणाले. मी 'बरं' म्हणणाऱ्या घरातलीच. बहुपदी काढायच्या असं ठरवून वर्गात गेले, तर खुर्ची मांडलेली. पोरं उभी राहिली. शबाना म्हणाली, "मॅडम, शेवटचा उपक्रम राहिला. सुजाता मॅडमनी दिवाळीनंतर घेते म्हणून सांगितलं होतं." मला 'वह्या काढा' म्हणता आलं असतं. मी खडूची डबी टेबलावर ठेवली आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले, जयश्रीच्या जागेवर. कारण ती जागा रिकामी होती. जयश्री पुढं गेली होती.

मॉनिटरनं विचारलं, "आज कोण?"

जयश्री खुर्चीत बसली. मनगटाच्या मागच्या बाजूनं तिनं नाकावरचा नसलेला चष्मा वर सारला. बोटांना खडू लागलेला असायचा म्हणून तू सारायचीस ना, अगदी तसा. म्हणाली, "मी सुजाता मॅडम."

पोरं आधी हसली. मग हसू थांबलं. मी उठून थांबवायला हवं होतं की नाही, मला अजून ठरवता येत नाही. मला तर तुला बघायचं होतं, सुजाता, त्या पोरीत का होईना.

एकानं विचारलं, "मॅडम, आमचे पेपर तपासले का?"

"तपासले. समदे काठावर हायत."

"मॅडम, तुम्ही जाताना सांगितलं का न्हाई?"

"मलाच कुणी सांगितलं न्हाई."

मग शबाना उभी राहिली. ती खाली बघून बोलत होती; तू पोरींनाही सांगून ठेवलं होतंस तर. "मॅडम, तुम्ही जयश्रीच्या घरी जाणार होतात ना?"

जयश्रीनं चष्मा पुन्हा सारला. "जाणार होते."

"गेला असतात तर काय झालं असतं?"

'माहीत नाही' म्हणायची सोय तू ठेवली नव्हतीस.  'सांगणार नाही' म्हणेल असं मला वाटलं. पण ती बोलली. "चहा दिला असता. मॅडम घरी आल्यावर लोक साखर जास्ती टाकतात, लई गोड करतात. बाबा म्हणले असते, तुमचं खरं हाय मॅडम, बघू."

"आन् मग?"

"मग काय? तो चहा जयश्रीनंच केला असता."

मला त्या वेळी तुझा भयंकर राग आला. इतका राग तुझ्या जिवंतपणी कधी आला नव्हता. चौदा वर्षांच्या पोरीला एवढं स्वच्छ बघायला शिकवायचं आणि आपण निघून जायचं, ही कुठली रीत? आणि त्याच वेळी, हेही सांगते, तुझा अभिमान वाटला. दोन्ही एकदम.  मग मीही हात वर केला. सगळी पोरं वळून माझ्याकडं बघायला लागली. मी विचारलं, "मॅडम, भांडी न कळता घासलेली बरी, का कळून?"

पोरांना तो प्रश्न कळला नसेल. जयश्रीला कळला. ती खूप वेळ माझ्याकडं बघत राहिली, अगदी तू गाडीत बघत होतीस तशी. म्हणाली, "सांगणार न्हाई."

म्हणजे तुझं उत्तर यायचं ते राहिलंच.

गणितात मी पोरांना उत्तर आधी बघू देत नाही. पण तुला सांगून टाकते. जयश्री लातूरला गेली. वाचनाच्या तासाला मी आता बहुपदी घेते. ती कादंबरी कपाटात, आणि कपाटाची किल्ली ऑफिसात. तुझ्या खुर्चीवर शिपायानं पिण्याच्या पाण्याचा जार ठेवलाय, उंचीला बरोबर बसतो म्हणाला. शबाना पाणी प्यायला जाते आणि पेला हातात घेऊन तिथंच उभी राहते. मी तिला हाकलत नाही.

पण जयश्री जायच्या आधी मी तिच्या घरी गेले, सुजाता. तुझ्या वाट्याचं जाणं मी गेले. रविवारी, एकटी. पहिल्यांदाच खिडकीशी बसून. वाटेत काय काय बोलायचं ते मनात मांडलं, एक, दोन, तीन, असं. घर चांगलं आहे. स्लॅबचं, पुढं मोठी ओसरी, दारात गाडी. वाईट माणसं नाहीत, मी तुला म्हणाले होते. बापानं धावत येऊन खुर्ची दिली, दोन्ही हातांची. आई पदर सावरत आली आणि आधी तुझ्यासाठी रडली. "लई चांगल्या व्हत्या वो मॅडम. आमच्या पोरीला बोलतं केलं त्यांनी."

मी म्हणाले, बोलती झालीय तर तिचं बोलणं तुम्ही ऐकलं का? तिला विचारलं का?

"तिला काय इचारायचं? ती कशाला न्हाई म्हणती?" आईला खरंच प्रश्न कळला नव्हता. "पोरगं पिवळं पडलं व्हतं, मॅडम. डोळे हळदीसारखे. तुम्ही बी आई हाव, तुम्हीच सांगा, म्या काय करू? म्या गेले तर हितं म्हशी कोण बघंल?"

बाप म्हणाला, "दोन वर्साचा सवाल हाय, मॅडम. त्याचं एकदा मार्गी लागू द्या. दहावीचा फारम हिचा बाहेरून भरू. तुमचं सगळं खरं हाय. म्या कुठं न्हाई म्हणून राहिलो?"

माझे एक, दोन, तीन संपले. खरं सांगू? त्यांच्या हिशोबात मला चूक सापडेना. पोरगा आजारी, आई अडकलेली, पोरगी मोकळी. प्रत्येक पायरी बरोबर, आणि उत्तर असं. ओसरीच्या कोपऱ्यात नवं कोरं पोळपाट, लाटणं, तवा आणि कुकर एका पोत्यात बांधून ठेवलेलं होतं. दारात जयश्री उभी होती. मी तिला विचारलं, "जयश्री, तुला काय वाटतं?"

तिनं आईकडं बघितलं, बापाकडं बघितलं. त्या घरात तुझी ती मोडकी खुर्ची नव्हती. 'सांगणार न्हाई' म्हणायची सोय नव्हती. ती म्हणाली, "जाते की, मॅडम. मला चालतंय." इतक्या हळू म्हणाली की मला हजेरीतलं तिचं 'हजर' आठवलं.

मग माझ्याजवळ एकच प्रश्न उरला होता, तोही माझा नाही, तिचाच. मी बापाला विचारलं, "खोली केवढी आहे?"

"एकच हाय. दहा बाय बारा आसंल. दोघांच्या दोन कॉट हायत, अभ्यासाचे टेबल हायत."

"मग ही कुठं झोपणार?"

 बाप आईकडं बघायला लागला, आई बापाकडं. त्यांनी क्लास बघितला होता, डॉक्टर बघितला होता, गॅसची शेगडी कुठं ठेवायची ते बघितलं होतं. शेवटी आई हसल्यासारखं करून म्हणाली, "झोपंल की एका बाजूला. पोरीच्या जातीला किती जागा लागती, मॅडम?"

मी दाराकडं बघितलं. जयश्री तिथं नव्हती. ती आत गेली होती, आतून भांड्याचा आवाज येत होता.

आपलं भांडण मी जिंकले, सुजाता. मी म्हणाले होते तसंच झालं, अक्षर न् अक्षर. असं जिंकून आता मी कुणाला सांगू? तू असतीस तर हरूनही काहीतरी वाकडं बोलली असतीस, 'थांब गं, अजून पुस्तक संपलं नाही' असलं काहीतरी, आणि मला तुझा राग आला असता, आणि लोह्यापर्यंत का होईना, मला खरं वाटलं असतं.

जयश्री चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. आधी मला दिला, मग बापाला. कपाला हात लावताना मी तिच्याकडं बघितलं आणि तिनं माझ्याकडं बघितलं, आणि आम्हा दोघींनाही तो तास आठवला. मी चहा प्यायले, सगळा. लई गोड होता, सुजाता. तिनंच केला होता.